'फ्युरी रोड' आणि पाण्याची चावी

ठाण्यातल्या आमच्या चित्रपटप्रेमींच्या मंडळात सध्या एका चित्रपटावरून वाद पेटला आहे. मे महिन्याच्या खेळाला 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड' दाखवावा, असं काही तरुण सभासदांनी सुचवलं आणि सरळ दोन तट पडले. ज्येष्ठांचं म्हणणं असं की, हा मारधाडीच्या मालिकेतला चौथा भाग. जपानी, इराणी, बंगाली चित्रपट आवर्जून पाहणाऱ्या मंडळाने एक संध्याकाळ गाड्यांच्या पाठलागावर का घालवावी? तरुणांचं उत्तर असं की, "अहो काका, सहा ऑस्कर मिळालेत त्याला, आणि करमणुकीचा सिनेमा डोकं बाजूला ठेवूनच बघायचा असतो." या वादात मला दोन्ही बाजू पटत नाहीत, आणि बाजू मांडणाऱ्यांनी चित्रपटाचं विरोधकांपेक्षा जास्त नुकसान केलं आहे असं वाटतं. डोकं बाजूला ठेवून पाहायचा असेल तर तो मंडळात दाखवूच नये. माझं म्हणणं स्पष्ट आहे : पाणी आणि सत्ता यांच्या नात्याचा इतका रोखठोक विचार करणारा दुसरा चित्रपट मी पाहिलेला नाही, तो विचार संवादांतून नव्हे तर त्या मारधाडीतूनच होतो, आणि ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला तो परका वाटावा असं त्यात काही नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जग उजाड झालंय. एका उंच कातळावर इमॉर्टन जो नावाचा म्हातारा हुकूमशहा राहतो. जमिनीखालचं पाणी उपसणारे पंप त्याच्या ताब्यात आहेत. सुरुवातीलाच एक प्रसंग येतो. खाली उन्हात हजारो माणसं ताटल्या, वाडगे, पत्र्याचे डबे वर धरून उभी आहेत. जो वरून दांडा ओढतो, कातळातल्या प्रचंड नळांतून धबधब्यासारखं पाणी कोसळतं, लोक एकमेकांना तुडवत पुढे घुसतात, आणि भांडी जेमतेम ओली होतात न होतात तोच नळ बंद. मग तो त्या तहानलेल्या गर्दीला उपदेश करतो की, बाबांनो, पाण्याची सवय लावून घेऊ नका, नाहीतर ते नसताना तुम्हाला त्रास होईल. याच जोची सेनापती फ्युरिओसा त्याच्या पाच कैदी बायकांना टँकरमध्ये लपवून पळ काढते आणि पुढे दोन तास पाठलाग चालतो. मॅक्स या गोष्टीत अपघातानेच सापडतो. त्याला आधी चित्रपटाचा नायकसुद्धा म्हणता येत नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. 'चौथा भाग' या शब्दांतच तुच्छता आहे, आणि ती अगदीच बिनबुडाची नाही. बहुतेक पुढचे भाग गल्ला भरण्यासाठी निघतात, पहिल्यातली गंमत दुप्पट आवाजात परत वाजवतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण 'बहुतेक' वरून 'सगळे' असा निष्कर्ष काढणं हा आळस झाला. आपलं मूळ गाव विदर्भातलं पद्मपूर असं सांगणाऱ्या संस्कृत नाटककार भवभूतीने आधी 'महावीरचरित' लिहिलं, रामाच्या राज्याभिषेकापर्यंतचं. मग त्याच कथेचा पुढचा भाग म्हणून 'उत्तररामचरित' लिहिलं. आज वाचक त्याला कशासाठी ओळखतात? संस्कृत जाणकारांनी तर 'उत्तरे रामचरिते भवभूतिर्विशिष्यते', म्हणजे 'उत्तररामचरिता'त भवभूती सगळ्यांहून सरस ठरतो, असं म्हणून ठेवलंय. पहिल्या नाटकातला विजयी राम दुसऱ्यात आपल्याच निर्णयाने होरपळतो, आणि ते होरपळणं पहिल्या नाटकाशिवाय इतकं खोल जात नाही. पुढचा भाग लिहिण्याचं सार्थक तिथे आहे. जॉर्ज मिलर या दिग्दर्शकाचा पहिला 'मॅड मॅक्स' 1979 चा, दुसरा 1981 चा, तिसरा 1985 चा. त्यानंतर थेट 2015 मध्ये 'फ्युरी रोड' आला. मधली तीस वर्षं गल्ल्याच्या घाईची म्हणता येत नाहीत. पहिल्या दोन चित्रपटांत पेट्रोलसाठी माणसं माणसांना मारत होती. 1973 च्या तेलसंकटात ऑस्ट्रेलियातल्या पंपांवर झालेली हाणामारी त्या कल्पनेच्या मुळाशी होती. तीस वर्षांनी तोच माणूस त्याच जगात परततो तेव्हा झगड्याच्या मध्यभागी पाणी आलेलं असतं. मला यात मालिका ताणणं दिसत नाही, विचार पुढे गेलेला दिसतो.

दुसरा आक्षेप म्हणजे 'यात गोष्टच नाही, नुसतं जाणं आणि परत येणं आहे.' हे वर्णन अगदी बरोबर आहे. पण हेच वर्णन बस्टर कीटनच्या 1926 च्या 'द जनरल' या मूकपटालाही चपखल बसतं : आगगाडीमागे आगगाडी जाते आणि तशीच परत येते. निघाला तेव्हा समीक्षकांनी त्याची फारशी कदर केली नाही, धंदाही बेताचाच झाला. पुढे 1972 मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश चित्रपटविषयक नियतकालिकाने जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला तेव्हा तोच चित्रपट पहिल्या दहांत होता. मूकपटाच्या काळात माणसाचा स्वभाव त्याच्या कृतीतूनच दाखवावा लागे, कारण दुसरं साधन नव्हतं. आपल्या फाळक्यांनीही 1913 मध्ये हरिश्चंद्राचं सत्त्व पडद्यावर एकही शब्द न उच्चारता उभं केलं. मिलरने आपणहून ते बंधन पत्करलं. साडेतीन हजारांच्या आसपास चित्रचौकटी आधी काढून घेतल्या आणि त्याच पटकथा म्हणून वापरल्या. पुढे या चित्रपटाची कृष्णधवल आवृत्तीही त्याने काढली, ती या मूकपटाच्या ओढीतूनच. संकलक मार्गारेट सिक्सेल हिने याआधी कधी मारधाडपट कापला नव्हता. तिच्यासमोर सुमारे 480 तासांचं चित्रण आलं आणि त्यातून तिने साधारण 2700 तुकड्यांचा चित्रपट बांधला. एवढे तुकडे असूनही प्रेक्षकाचा एकदाही गोंधळ उडत नाही. कारण छायाचित्रकार जॉन सील जवळजवळ प्रत्येक चौकटीत पाहायची गोष्ट बरोबर मध्यभागी ठेवतो. डोळ्याला शोधाशोध करावी लागत नाही, म्हणून मन अर्थ लावायला मोकळं राहतं.

एक प्रसंग जवळून पाहू. रात्र आहे, टँकर चिखलात रुतलाय, दूरवरून प्रखर दिवा लावलेली शत्रूची गाडी येतेय. मॅक्सच्या हातात लांब पल्ल्याची बंदूक आहे. नेम दोनदा चुकतो, शेवटची गोळी उरते. फ्युरिओसा त्याच्या मागे येऊन बसते. तो क्षणभर थांबतो आणि काही न बोलता बंदूक तिच्याकडे देतो. ती नळी त्याच्या खांद्यावर टेकवते, श्वास रोखायला सांगते आणि दिवा फोडते. काही तासांपूर्वी ही दोघं एकमेकांचा जीव घ्यायला निघाली होती. तिचा नेम आपल्यापेक्षा चांगला आहे हे त्याने मान्य केलं, त्याचा खांदा हलणार नाही हे तिने गृहीत धरलं. आपल्याकडच्या किती 'आशयघन' चित्रपटांत स्त्री-पुरुषांमधल्या विश्वासाबद्दल एवढं नेमकं काही दाखवलंय? तसंच रक्ताचं. ओ निगेटिव्ह रक्ताचा माणूस म्हणून सुरुवातीला मॅक्सला साखळीने गाडीच्या तोंडाशी बांधून त्याचं रक्त जबरदस्तीने काढलं जातं. शेवटी तोच माणूस स्वतःच्या हाताने सुई टोचून फ्युरिओसाला रक्त देतो, आणि तेव्हा पहिल्यांदा तिला आपलं नाव सांगतो. मिलर हा शिकून डॉक्टर झालेला माणूस आहे, सिडनीच्या रुग्णालयात त्याने अपघाताच्या केसेस हाताळल्या आहेत. घेतलेलं रक्त आणि दिलेलं रक्त यांतला फरक त्याला कुणी समजावून सांगायला नको.

इथे तरुण मित्रांना एक विनंती. 'यात काहीच संगणकावर केलेलं नाही, सगळं खरंखुरं आहे' असं सांगत फिरू नका. गाड्या खऱ्या आहेत, उंच डुलत्या काठ्यांवरून झेपावणारी माणसंही खरी आहेत. पण संगणकाचा हात लागलेले चित्रणाचे तुकडे दोन हजारांच्या घरात आहेत. वाळूचं वादळ त्यातलंच, फ्युरिओसाचा तुटलेला हातही त्यातलाच. चांगल्या गोष्टीची बाजू चुकीच्या माहितीवर मांडली की समोरच्याला ती पाडायला एक मिनिट पुरतं.

सगळ्यांत वजनदार आक्षेप मात्र आमच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी घेतला, आणि त्याला उत्तर देण्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो. त्या म्हणाल्या, "हे सगळे प्रलयानंतरचे सिनेमे खोटं शिकवतात. संकट आलं की माणूस जनावर होतो, असं. 26 जुलैला आपण काय पाहिलं?" बरोबर आहे. 2005 च्या त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, मुंबईपासून कल्याण-बदलापूरपर्यंत माणसं अडकली, आणि अनोळखी लोकांनी अनोळखी लोकांना घरात घेतलं, चहा-बिस्किटं दिली, कंबरभर पाण्यातून हात धरून नेलं. लुटालूट हा त्या दिवसाचा चेहरा नव्हता. प्रलयानंतर फक्त टोळ्या उरतात असं सांगणारे ढीगभर चित्रपट आहेत, ते माणसाबद्दल खोटं बोलतात, आणि बाईंचा राग त्यांच्या बाबतीत रास्त आहे.

पण हा चित्रपट तसं म्हणतो का? त्यातली अनोळखी माणसं बघा. पळालेल्या बायका, साखळीतून सुटलेला मॅक्स, शत्रूच्या टोळीतला न्यूक्स, वाळवंटातल्या मोटारसायकलवाल्या म्हाताऱ्या : एकमेकांवर विश्वास ठेवायला कुणाकडेच कारण नसताना ही माणसं एका टँकरवर जमतात आणि एकमेकांसाठी मरतात. हे 26 जुलैच्या उलट कुठे आहे? जनावरासारखं वागणं भाग पडतं ते कातळाखालच्या गर्दीला, आणि तेही नळ काही क्षणच सोडला जातो म्हणून. एका दिवसाचं संकट आणि कुणीतरी वर्षानुवर्षं टिकवून ठेवलेली टंचाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत माणूस बहुधा चांगला वागतो. दुसरीत त्याला रांगेत उभं केलं जातं आणि मग रांगेतल्या धक्काबुक्कीवरून त्याचा स्वभाव ठरवला जातो. चित्रपट बोट दाखवतो ते दांडा ओढणाऱ्या हाताकडे.

हा प्रकार परदेशी कल्पनाविलास आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी आपलंच वाङ्मय आठवावं. महाभारताच्या मौसल पर्वात यादवकुळ संपतं, द्वारका समुद्रात जाते, आणि उरलेल्या बायका-मुलांचा तांडा घेऊन अर्जुन वाटेला लागतो. पंचनदात लाठ्या घेतलेले दरोडेखोर तांड्यावर पडतात. गांडीव चढवताना अर्जुनाची दमछाक होते, अस्त्रं आठवत नाहीत, अक्षय भाते रिकामे होतात. जग संपल्यावरचा रस्ता, हल्ला, आणि हातातून निसटलेलं वीरपण हे सगळं तिथे आहे. तिथे बायका लुटून नेल्या जातात आणि त्यांच्या तोंडी काही नाही. 'फ्युरी रोड'मध्ये तोच तांडा बाईच्या हाताने हाकला जातो, आणि 'आम्ही वस्तू नाही' हे पळालेल्या बायकांनी भिंतीवर लिहून ठेवलेलं असतं. मौसल पर्व वाचलेल्या माणसाला तर हा चित्रपट जास्तच भिडायला हवा.

आणि पाणी अडवून माणसाला लहान करण्याचं म्हणाल, तर त्यासाठी वाळवंट किंवा प्रलय लागतो असं आपण मराठी माणसांनी तरी म्हणू नये. महाड इथून काही फार लांब नाही. 1923 मध्ये मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला, 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं असल्याचं जाहीर केलं, तरी तळ्यावर जायची सोय नव्हती. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर तळं 'शुद्ध' करण्यासाठी त्यात गोमूत्र, शेण, दूध, दही ओतलं गेलं. कायदेशीर हक्क उच्च न्यायालयातून पक्का व्हायला 1937 उजाडलं. तळ्यात पाणी भरपूर होतं, हे लक्षात घ्या. टंचाई निसर्गाची नव्हतीच. जोच्या कातळातही पाणी भरपूर आहे. वर हिरवीगार शेती पिकते, आणि खाली माणसं ताटल्या धरून उभी असतात. ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाला महाड ठाऊक असण्याचं कारण नाही. पण पाणी धरून ठेवणारा माणूस धर्म आणि उपदेश सोबत का बाळगतो, हे त्याने अचूक ओळखलंय.

आजचं बोलायचं तर शहापूर तालुका बघा. तानसा धरण 1892 पासून तिथे आहे, भातसाही तिथेच. ते पाणी जाडजूड नळांतून मुंबईला जातं, ठाण्यालाही मिळतं. आणि दर उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या गावपाड्यांना टँकर लागतो. टँकर आला की विहिरीत पाणी सोडतात, बायका कठड्यावर वाकून पोहरे टाकतात, आणि तळाचं गढूळ पाणी कुणाच्या हंड्यात जायचं यावरून बाचाबाची होते. शेजारच्या नवी मुंबईकडे स्वतःचं मोरबे धरण आहे. ठाणे महापालिकेकडे स्वतःचं धरण नाही, म्हणून घोडबंदर रोडच्या सोसायट्यांतही टँकरची बिलं मासिक देखभालखर्चात बसवावी लागतात. चाळीत चावीवाला पहाटे किती वाजता येतो यावर बायकांची झोप ठरते. यातला कुणीही इमॉर्टन जो नाही, हे मी ठामपणे सांगतो. आपली पाणीवाटपाची व्यवस्था निवडून दिलेल्या लोकांच्या हाती आहे, तिला प्रश्न विचारता येतात, बदलता येते. नेमकं म्हणूनच त्या दांड्याचं चित्र डोळ्यांसमोर असणं मोलाचं आहे. आपण नळाच्या कुठल्या टोकाला उभे आहोत हे वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना सहसा दिसत नाही.

हिंसेचा आक्षेप मी पूर्ण खोडून काढू शकत नाही. चित्रपट हिंसा सुंदर करून दाखवतो. आग ओकणारी गिटार वाजवणारा तो आंधळा वादक पाहून पोरं टाळ्या पिटतात, आणि त्या क्षणी ती जोच्याच सैन्याला टाळ्या देत असतात. ही जोखीम दिग्दर्शकाने जाणूनबुजून घेतलीय. कारण जोचे 'वॉर बॉइज' म्हणजे आजारी, अल्पायुषी पोरं; त्यांना मेल्यावर स्वर्गाचं दार उघडेल असं सांगितलंय, मरायच्या आधी ती तोंडावर चंदेरी रंग फवारतात आणि 'मला बघा' म्हणून ओरडतात. न्यूक्स त्यांच्यातलाच. जोच्या डोळ्यांदेखत तो तोंडघशी पडतो, त्याचा देव त्याच्याकडे तुच्छतेने बघतो, आणि मग एक मुलगी त्याच्याशी माणसासारखं बोलते. पुढे तो मरतो तेही स्वतःच्या मर्जीने, इतरांची वाट मोकळी करायला. मरणाचं आमिष पोरांना इतकं देखणं का वाटतं, हे ते देखणेपण दाखवल्याशिवाय कसं समजावणार? ज्यांना तरीही हे नको वाटतं त्यांच्याशी मी भांडणार नाही. लहान मुलांना आणू नये, एवढं मंडळाने आधीच जाहीर करावं.

पृथ्वीसाठी रडणाऱ्या चित्रपटाने वाळवंटात महिनोन्महिने पेट्रोल जाळलं, हाही मुद्दा कुणीतरी काढला. तो खरा आहे. मूळ बेत ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलला चित्रण करायचा होता. अवेळी पाऊस होऊन तिथलं वाळवंट फुलांनी भरलं म्हणून सगळा बाडबिस्तरा नामिबियाला गेला. तिथल्या नाजूक भागांचं नुकसान झाल्याचा आरोप झाला, चित्रपट आयोगाने तो फेटाळला. त्याचा हिशेब मागायलाच हवा. पण एखाद्या कलाकृतीतलं म्हणणं खोटं ठरवायला करणाऱ्याचा दोष पुरत नाही.

मला स्वतःला चित्रपटात एक गोष्ट अपुरी वाटते, आणि तिच्याबद्दल दोन्ही तटांतलं कुणी बोलत नाही. फ्युरिओसा जिच्या शोधात निघते ती हिरवी भूमी नासलेली निघते. तेव्हा सगळ्यांचा बेत असतो की मिठाच्या वाळवंटातून 160 दिवस पुढे जायचं. मॅक्स त्यांना अडवतो आणि परत फिरायला सांगतो, कारण पाणी आणि हिरवळ ज्या ठिकाणी खात्रीने आहे ते ठिकाण म्हणजे तो कातळच. हा निर्णय चित्रपटाचा कणा आहे. पाण्याचा त्रास झाला की सोसायटी बदलणाऱ्या, कर्जत-नेरळला जागा घेऊन ठेवणाऱ्या आपल्या मध्यमवर्गाला तो झोंबायला हवा. पण परतल्यावर, जो मेल्यावर, वरच्या बायका नळ पूर्ण सोडून देतात, लोक नाचतात, मॅक्स गर्दीत नाहीसा होतो आणि चित्रपट संपतो. जमिनीखालचं ते पाणी किती दिवसांचं आहे? उद्या सकाळी दांडा कोण ओढणार, किती वेळ, कोणाला विचारून?

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हा प्रश्न पडद्याबाहेर सोडवून दाखवलाय. पाऊस किती झाला, विहिरींची पातळी काय, हे मोजून दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळीसारखी पाणीखाऊ पिकं नाहीत, आणि हे सगळ्यांना सारखं लागू. मंडळाने मे महिन्यात, मोठ्या पडद्यावर, आवाज न दाबता हा चित्रपट दाखवावा, आणि नंतरच्या चर्चेला शहापूरकडच्या पाणीप्रश्नावर काम करणाऱ्या बायकांना व्यासपीठावर बसवावं. दिग्दर्शन, संकलन, ऑस्कर यांच्यावर आपण एरवी बोलतोच. त्या संध्याकाळी विषय हा असावा की ठाणे जिल्ह्यात असा ताळेबंद कोणी मांडायचा, आणि तो मांडला गेल्यावर कपात आधी टॉवरला लागणार की पाड्याला.